शब्दांचा कान आणि नादाचा कान

‘स्वतंत्र संगीत’ ही संज्ञा मराठीत गेल्या दहा-पंधरा वर्षांत चांगलीच रुळली असली, तरी हे संगीत नेमके कोणापासून स्वतंत्र आहे, याचा खुलासा ती वापरणारे क्वचितच करतात. इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती रूढ झाली तेव्हा तिचा रोख मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांवर होता. त्यांच्या भांडवलावाचून निघालेली तबकडी ती स्वतंत्र, एवढाच तिचा अर्थ होता. भारतात मात्र चित्रपटाबाहेरचे ते स्वतंत्र, असा अर्थ तिला चिकटला, आणि तो मान्य करायचा तर १९३० च्या दशकात जी. एन. जोशी यांच्या तबकड्यांबरोबर रुजलेले भावगीत हेच मराठीतील पहिले स्वतंत्र संगीत ठरते. ते चित्रपटाचे मिंधे नव्हते हे खरे, पण एचएमव्ही आणि आकाशवाणी ही दोन दारे ओलांडल्यावाचून त्याला श्रोत्यांपर्यंत पोहोचता येत नव्हते. २००३ मध्ये सुरू झालेल्या सलील कुलकर्णी आणि संदीप खरे यांच्या ‘आयुष्यावर बोलू काही’ या कार्यक्रमाने तिकीटबारी या तिसऱ्या दाराचे बळ दाखवले, तेव्हाही मूळ साचा कवी, चाल आणि गळा हाच राहिला.

या साच्याने समीक्षेचाही कान घडवला आहे. मराठीत संगीतावर लिहिणाऱ्यांची परंपरा दुबळी नाही. केशवराव भोळे आणि गोविंदराव टेंबे यांनी गायकांची परीक्षणे निर्भीडपणे लिहिली, वामनराव देशपांडे यांनी १९६१ च्या ‘घरंदाज गायकी’त स्वर आणि लय या दोन टोकांच्या दरम्यान घराण्यांची मांडणी केली, आणि अशोक दा. रानडे यांनी आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा संगीताच्या सहा कोटी मानून प्रत्येक कोटीला तिचीच मोजपट्टी लावली पाहिजे, असा आग्रह धरला. जनसंगीत म्हणजे लोकसमुदायासाठी माध्यमांतून प्रसारित होणारे संगीत. ते कलासंगीताची पडेल आवृत्ती नव्हे, हे रानड्यांचे म्हणणे पुढे न्यायला मात्र फारसे कोणी धजले नाही. भावगीताचे परीक्षण कविता कोणाची, चाल कोणी लावली आणि गळा कसा आहे, या तीन प्रश्नांत आटोपत आले. वाद्यमेळ आणि ध्वनिमुद्रण यांच्या वाट्याला ‘संयोजन उत्तम’ असे दोन शब्द आले तरी पुष्कळ झाले. हा शब्दांचा कान आहे. त्याने मराठी गीताचे भले केले, यात शंका नाही, पण रॉक किंवा रॅपचा अल्बम समोर आला की तोच कान अडखळतो, कारण तिथे अर्थ बराचसा नादात असतो: ढोल किती जवळून ऐकू येतो, बेस गिटारचा खर्ज पोटात जाणवतो की नाही, आवाज मुद्दाम खरखरीत ठेवला आहे की तो तसा राहून गेला आहे, यांत.

हा अडखळा केवळ मराठीचा नाही. बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातील ब्लॅक सबाथ या वाद्यवृंदाचा पहिला अल्बम १९७० च्या फेब्रुवारीत निघाला, तेव्हा अमेरिकेच्या ‘रोलिंग स्टोन’मध्ये लेस्टर बँग्ज यांनी त्याची खरपूस हजेरी घेतली; आज तोच अल्बम हेवी मेटल या प्रकाराचा आरंभ मानला जातो. त्या जड, काळवंडलेल्या नादामागे एक अपघात होता. गिटारवादक टोनी आयोमी याच्या दोन बोटांची टोके १९६५ मध्ये पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली तुटली, त्यामुळे त्याला हलक्या तारा वापराव्या लागल्या, आणि पुढे १९७१ पासून त्याने ताणही उतरवून वाद्य खालच्या सुरात लावले. शब्द आणि चाल एवढेच तपासणाऱ्याच्या हाती यातले काहीच लागले नसते.

कारखान्यांचे शहर म्हटले की महाराष्ट्रात भिवंडीकडे बोट जाते, आणि यंत्रमागाच्या खटखटीतून इथले संगीत जन्मले असे लिहिण्याचा मोह कोणाही लेखकाला पडेल. तो आवरलेला बरा. लूमच्या शेडमध्ये बारा तास उभा राहणारा कामगार बाहेर पडल्यावर तीच लय पुन्हा ऐकू इच्छितो, याला कसलाही पुरावा नाही. भिवंडीचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. उत्तरेतून आलेल्या अन्सारी विणकरांची कव्वाली आणि मुशायरा, तेलुगू पद्मशाली कुटुंबांची भजने, आंबेडकरी वस्त्यांतील भीमगीते, तालुक्याच्या पाड्यांवरील वारली-कातकरी गाणी आणि भोवतालच्या गावांतील आगरी हळदीची गाणी इथे काही मैलांच्या परिघात ऐकू येतात, आणि यांपैकी कशालाही ‘इंडी’, म्हणजे स्वतंत्र, म्हणण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

त्यातही हळदीचा बेंजो समीक्षकाने जवळून पाहण्याजोगा आहे. काल्हेर, कशेळी, कोन, पिंपळास अशा गावांत लग्नघरी मांडवात धवलारीण वाद्यावाचून धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, म्हणते आणि बाहेर बेंजो पार्टी उभी असते. एका विधीचे हे दोन ध्वनिलोक एकमेकांत सहसा मिसळत नाहीत. हा बेंजो म्हणजे अमेरिकेतील त्याच नावाचे चामडी वाद्य नव्हे. तो बुलबुल तरंग. विसाव्या शतकाच्या आरंभी जपानमध्ये घडलेल्या तैशोगोतो या वाद्याचा भारतीय वंशज. लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा, त्यांवर टाइपरायटरसारखी बटणे, डाव्या हाताने बटण दाबायचे आणि उजव्या हातातील नखीने तार छेडायची, अशी त्याची रीत. तारेचा नाद पटकन विझतो, म्हणून लांब सूर धरायचा तर वादक नखी अखंड थरथरत ठेवतो. बटणांमुळे मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, शक्य नसते, म्हणून शेजारचे बटण निमिषभर दाबून तो तिचा भास निर्माण करतो. कोळी-आगरी गळ्यातली लवचीक वळणे अशा रीतीने पायऱ्यापायऱ्यांची होतात, आणि या वाद्याचा धारदारपणा त्यातूनच येतो. पेटीला पिकअप, म्हणजे तारेचे कंपन विजेत बदलणारे चुंबक, जोडून तो नाद ताकदीबाहेर चढवलेल्या अॅम्प्लिफायरमधून सोडला की सूर फाटतो. या फाटण्याला रॉकच्या परिभाषेत डिस्टॉर्शन म्हणतात. लंडनच्या किंक्स या वृंदातील डेव्ह डेव्हिस याने १९६४ मध्ये असा फाटका नाद मिळवण्यासाठी आपल्या स्पीकरचा पडदा पात्याने चिरला होता, आणि त्या चिरण्याची नोंद रॉकच्या इतिहासात आवर्जून केली जाते. बेंजोवाल्याच्या फाटक्या स्पीकरला मात्र गोंगाट म्हणतात. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या आवाजाविषयीची तक्रार रास्तच आहे, हळदीतील खर्चावर आणि डीजेवर खुद्द आगरी समाजातही वाद झडतात, परंतु तो नागरी शिस्तीचा प्रश्न झाला. वादनाचे मूल्यमापन त्याने होत नाही. रवी जाधव यांच्या ‘बॅन्जो’ (२०१६) या हिंदी चित्रपटात या वादकाची कदर करायला न्यूयॉर्कहून तरुणी यावी लागते, हे बरेच बोलके आहे.

या पार्श्वभूमीवर अलीकडच्या अल्बमांविषयीची मते तपासली की त्यांतील उणीव उघड होते. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅपर-समूहाचे ‘द वारली रिव्होल्ट’ (२०१९) हे गाणे आणि त्यानंतरचा ‘चेतावनी’ (२०२०) हा अल्बम यांचे स्वागत झाले ते बहुतांशी आशयासाठी, आरेचे जंगल आणि आदिवासींचे हक्क यांसाठी. ते योग्यच होते, पण ‘द वारली रिव्होल्ट’ची खरी ताकद दोन आवाजांच्या जोडणीत आहे. आरेतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा उघडा, माळावरून हाक मारल्यासारखा गळा आणि रॅपर मंडळींचे माइकला चिकटून केलेले घट्ट, जलद उच्चार यांमध्ये जे अंतर आहे ते मिश्रणात बुजवलेले नाही, आणि म्हणूनच तिथे दोन समाज एकमेकांशी बोलताना ऐकू येतात. या समूहातील एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, याचे २०२२ मध्ये ऐन तारुण्यात निधन झाले; त्याच्यावरील लेखांतही त्याच्या उच्चारांच्या लयीपेक्षा त्याच्या भूमिकेविषयीच अधिक लिहिले गेले. कबीर शाक्य यांच्या ‘धम्म विंग्ज’ या आंबेडकरी रॉक वृंदाच्या वाट्याला हेच आले. चळवळीचे गाणे म्हटले की समीक्षक समाजशास्त्रज्ञ होतो आणि गिटारीला विसरतो.

अभंगाला ड्रम आणि बेस गिटार यांची जोड देणाऱ्या ‘अभंग रिपोस्ट’सारख्या वृंदांविषयी उलटा प्रकार घडतो. परंपरा तरुणांपर्यंत पोहोचवली, या कौतुकाखाली एक तांत्रिक प्रश्न दबून जातो. भजनी ठेका आठ मात्रांचा, रॉकचा ठोका चारांचा. दोन्ही एकमेकांत इतके सहज बसतात की कुठे घासतच नाही. पखवाज-टाळांच्या ठेक्यात दोन आघातांच्या मध्ये जी झुलती फट असते ती ड्रमच्या काटेकोर मोजणीने सरळ होण्याचा धोका अशा प्रत्येक प्रयोगात असतो. जो वृंद ही फट राखतो तो अभंग वाजवतो, बाकीचे अभंगाच्या चालीवर रॉक वाजवतात.

पुण्याच्या एमसी स्टॅन या रॅपरचा ‘तडीपार’ (२०२०) मराठी अल्बम नव्हे, पण त्याच्या हिंदीत पुण्याची झोपडपट्टी बोलते. ऑटो-ट्यून, म्हणजे गळ्याचा सूर यंत्राने जागेवर आणण्याची युक्ती, त्याने बेसूरपणा झाकण्यासाठी न वापरता आवाजाला धातूचा थंडपणा देण्यासाठी वापरली. शिव्यांवर नाक मुरडणाऱ्यांनी आणि त्याला खरेपणाचे प्रमाणपत्र देणाऱ्यांनीही हे ऐकलेले दिसत नाही. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ (२०२४) हे हाउस शैलीतील गाणे स्पिनिन या डच कंपनीने प्रसिद्ध केले, तेव्हा मराठी जगात पोहोचल्याचा आनंद सर्वत्र व्यक्त झाला. शिकागोत १९८० च्या दशकात घडलेल्या हाउस या नृत्यसंगीतात समान अंतरावर चार ठोके अखंड पडतात. त्यांवर मराठी शब्द अर्थापेक्षा आघातासाठी बसवले आहेत, त्यांतील व्यंजनांचा ताल केला आहे. गीत म्हणून त्यात काही नाही, हा आक्षेप म्हणूनच गैरलागू. मात्र ही गंमत पहिल्यांदा जितकी ताजी वाटते तितकी पुढच्या गाण्यांत उरेल का, ही शंका रास्त आहे.

अशा गोष्टी लिहायला जागाही हवी. अलाहाबादहून अमित सैगल यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ने इंग्रजीत ती निर्माण केली, मराठीत आशुतोष जावडेकर यांच्या ‘लयपश्चिमा’ने पाश्चात्त्य गाण्यांविषयी रसाळ गद्य दिले, पण इथल्या नव्या अल्बमांना तसा नियमित वाचक-लेखक लाभला नाही. दरम्यान अल्बमच मागे पडून सुटे गाणे पुढे आले आणि मताची जागा दर्शकसंख्येने घेतली. भिवंडीच्या आसपास निघणाऱ्या एखाद्या हळदीगीताच्या चित्रफितीखालील श्रेयनामावली पाहिली तर गायक, गीतकार, नृत्यदिग्दर्शक, ड्रोन चालवणारा आणि कपडे पुरवणारे दुकान यांची नावे अनेकदा सापडतात. ज्याच्या नखीवर ते गाणे उभे असते त्या बेंजोवाल्याचे नाव शोधावे लागते.