काचेची आतली बाजू

आपल्या बोलीत सिग्नल लागतो, पडतो, सुटतो आणि पुण्यात तर हमखास तोडला जातो. एवढी क्रियापदं त्याच्या वाट्याला आली, पण सिग्नल 'पाहिला' असं सहसा कुणी म्हणत नाही. आपण पाहतो तो रंग, तोही ओझरता, पाय क्लचवर ठेवून. ज्या वस्तूकडे लाखो माणसांनी रोज डोळे लावले, ती वस्तू म्हणून जवळजवळ कुणालाच दिसली नाही. जुना सिग्नल दुरुस्त करताना मात्र तो बारकाईने पाहावाच लागतो, म्हणूनच हा छंद मला वाचनाच्या जवळचा वाटतो.

माझा मावसभाऊ अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजला राहतो. निवृत्तीनंतर त्याने गॅरेजातली गाडी बाहेर काढली आणि तिच्या जागी तीन दिव्यांचा एक जुना सिग्नल आणून ठेवला. क्राउस-हाइंड्स कंपनीचा, ओतीव ॲल्युमिनियमचा. १८९७ मध्ये ही कंपनी याच गावात सुरू झाली, त्यामुळे सिग्नल एका अर्थी माहेरीच परतला होता. वर लटकताना चिमुकला वाटणारा हा ऐवज टेबलावर आडवा पडला की थेट कमरेएवढा भरतो आणि एकट्याने उचलायचा तर पाठ सांभाळावी लागते.

दारं उघडणं हेच पहिलं काम. हो, प्रत्येक दिव्याला बिजागरीचं स्वतंत्र दार असतं, बल्ब बदलण्यासाठी. कानवाले नट गंजून धरलेले, रबराची पट्टी वाळून पापडासारखी झालेली, तारांवरचं कापडी वेष्टण बोट लावताच भुगा होऊन गळणारं. पण आतला चिनी मातीचा होल्डर पुसला की कालच बसवल्यासारखा पांढराशुभ्र निघाला.

खरा मजकूर मात्र काचेत आहे. आठ इंची भिंगाची बाहेरची बाजू गुळगुळीत, कारण तिच्यावर धूळ आणि बर्फ टिकायला नको. नक्षी सगळी आतून. बारीक लोलकांच्या रांगा बोटांना लागतात; पैठणीच्या उलट्या बाजूवरून हात फिरवावा तशा. ती शोभेची नक्षी नव्हे. सिग्नल उंचावर, गाड्या खाली. आभाळाकडे गेलेला उजेड फुकट. म्हणून हे लोलक किरणांना खाली वाकवतात आणि थोडे डावी-उजवीकडे पसरवतात. भिंगाच्या कडेला इंग्रजीत 'टॉप' अशी इवलीशी अक्षरं उठवलेली असतात. भावाने पहिल्यांदा लाल काच नेमकी उलटी बसवली. दिवा लागला, पण अंगणाच्या टोकावरून मंद दिसला. त्याने बल्ब बदलला, वायरिंग तपासलं, मागचा आरसा पुन्हा पुसला. दोन दिवसांनी त्याच्या ध्यानात आलं, की सिग्नल इमानेइतबारे छताला थांबायला सांगत होता.

हिरव्या काचेची गंमत त्याहून मोठी. सुटी हातात घेतली तर ती हिरवी नाहीच. निळसर, मोरपिशाकडे झुकणारी. फिलामेंटचा बल्ब पिवळट उजेड देतो, तो या निळसर काचेतून गाळून आला की रस्त्यावरच्या माणसाला हिरवा दिसतो. म्हणजे तो हिरवा ना एकट्या काचेत, ना एकट्या दिव्यात. व्यंजना समजावून सांगायला मराठीच्या मास्तरांनी खुशाल हे उदाहरण घ्यावं. आणि म्हणूनच जुन्या काचेमागे पांढरा एलईडी बल्ब बसवणं मला गैर वाटतं: वीज वाचते, पण हिरवा निळा पडतो.

पिवळ्याबद्दल थोडंच. १९१४ मध्ये क्लीव्हलंडच्या युक्लिड ॲव्हेन्यूवर लागलेल्या विजेच्या सिग्नलला लाल आणि हिरवा एवढेच दिवे होते. रंग बदलणार याची सूचना घंटीसारखा बझर वाजवून द्यायचे. १९२० मध्ये डेट्रॉइटचे पोलिस विल्यम पॉट्स यांनी मध्ये पिवळा घातला. वाक्यात स्वल्पविराम आला, एवढंच.

रंगाबद्दल आमचं भांडण झालं. दाराचा पिवळा रंग खरवडला तर खाली गडद हिरवा, त्याखाली आणखी एक थर. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडं घासायचं नाही; लेप लावून, थर फुगवून, मास्क घालून काढायचा. भावाला सगळं उतरवून कारखान्यातून निघाल्यासारखा चकाचक सिग्नल हवा होता. माझं म्हणणं, मागच्या बाजूचा एक चौकोन तरी तसाच राहू दे. नगरपालिकेने तो किती वेळा रंगवला हेही त्याच्या चरित्रातच येतं. तो म्हणाला, "पुस्तकावर चहाचा डाग पडला तर तू त्यालाही साहित्य म्हणशील." चौकोन मात्र त्याने ठेवला. दिव्यावरच्या टोपीला पडलेला पोचाही राहिला. ही टोपीही उगाच नाही: कलत्या उन्हात मागचा आरसाच चमकला तर विझलेला दिवा लागल्यासारखा भासतो.

नियंत्रकाची पेटी त्याने वेगळी मिळवली. आत मोटर, फिरणारी तबकडी, तिच्या खाचांत खोचलेल्या खुंट्या आणि कॅमचा दांडा. खुंटी आली की 'टक', दांडा एक घर सरकतो, रंग बदलतो. हा आवाज चौकातल्या कुणी ऐकला नसेल. तो पेटीत बंद असायचा. मोटर विजेच्या साठ आवर्तनांवर चालते. आपल्याकडे आवर्तनं पन्नास, म्हणजे ट्रान्सफॉर्मर लावून ही पेटी पुण्यात आणली तरी मिनिटाचा फेरा ७२ सेकंदांचा होईल. "ते वरचे बारा सेकंद कोण थांबणार आहे तिथे?" वहिनींनी विचारलं. आम्ही दोघेही पुण्याचे, त्यामुळे गप्प बसलो.

शेवटच्या दिवशी त्याने मला टिपररी हिलला नेलं. आयरिश स्थलांतरितांची ही वस्ती. १९२०च्या दशकात इथे सिग्नल लागला तेव्हा ब्रिटिशांचा लाल आयरिश हिरव्याच्या डोक्यावर बसलेला पाहून पोरांनी दगड मारून काचा फोडल्या. नव्या बसवल्या, त्याही फोडल्या. अखेर नगरपालिकेने हार मानली आणि हिरवा वर, लाल खाली अशी मांडणी केली. ती आजही तशीच आहे आणि दगड मारणाऱ्यांचं स्मारकही चौकात उभं आहे. चालकांनी ज्याला निव्वळ हुकूम मानलं असतं, ते त्या पोरांनी मजकूर म्हणून वाचलं. इतकं बारकाईने, की क्रमातला अपमानसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटला नाही. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना कळत नाही, ते जागेवरूनच अर्थ लावतात. त्यांना मात्र हा चौक चकवत असणार.

आम्ही लालला थांबलो. भाऊ काचेतून मान वर करून टोप्यांचा आकार न्याहाळत होता, दारांचे नट कुठल्या बाजूला आहेत ते मला दाखवत होता. मीही वाकून बघत होतो. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. सिग्नल केव्हाच सुटला होता.