ध्वनिचित्रफितीवरून घरी चीगोंग शिकणे : एक चिकित्सक विचार

बीजशब्द : चीगोंग, बादुआनचिन, ध्वनिचित्रफीत, अनुकरण, दुरुस्ती

१. प्रस्तावना

देहाने करावयाची विद्या केवळ पाहून शिकता येते काय, हा प्रश्न नवा नाही. मात्र २०२० च्या टाळेबंदीनंतर तो अनेक घरांतील दिवाणखान्यात येऊन उभा राहिला. व्यायामशाळा, योगवर्ग आणि बागा बंद झाल्या. व्यायाम करू इच्छिणारी माणसे पडद्यासमोर उभी राहिली. त्या काळात आपल्याकडील काही जण योगासनांच्या पलीकडे जाऊन चिनी व्यायामपद्धतींकडेही वळले. प्रस्तुत लेखिका त्यांपैकीच एक होय. चीगोंग या चिनी पद्धतीतील ‘बादुआनचिन’ हा आठ हालचालींचा संच तिने सुमारे पाच महिने तीन वेगवेगळ्या ध्वनिचित्रफितींच्या आधारे घरी केला. प्रस्तुत लेखात या फितींचा एक अध्यापन-संहिता म्हणून विचार केला आहे. चीगोंगमुळे कोणते आजार बरे होतात, हा या लेखाचा विषय नाही. फीत काय शिकवते, काय शिकवू शकत नाही आणि जे शिकवू शकत नाही ते कसे झाकते, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

२. चित्र, पद्य आणि फीत

हालचालींच्या शिक्षणासाठी माध्यम वापरण्याची चीनमधील परंपरा फार प्राचीन आहे. हूनान प्रांतातील मावांगदुई येथे १९७३ साली झालेल्या उत्खननात इ. स. पूर्व १६८ मध्ये बंद केलेल्या थडग्यात एक रेशमी चित्रपट सापडला. त्यावर विविध शरीरस्थितींतील ४४ मानवी आकृती आहेत आणि अनेकींच्या शेजारी छोटी शीर्षके आहेत. आकृती स्थिर असल्याने हालचाल कोठून सुरू होते आणि कोठे संपते हे त्यावरून निश्चित सांगता येत नाही. बादुआनचिन हे नाव सोंग काळापासून (९६०–१२७९) आढळते. नावाचा अर्थ साधारणपणे ‘जरीवस्त्राचे आठ तुकडे’ असा होतो. हे आठ तुकडे छोट्या पद्यपंक्तींच्या साहाय्याने स्मरणात ठेवले गेले. म्हणजे चित्रात गती नव्हती आणि पद्यात आकृती नव्हती. उरलेले काम समोर उभा असलेला माणूस करीत असे.

ध्वनिचित्रफितीत आकृती, गती आणि शब्द हे तिन्ही एकत्र येतात. त्यामुळे आता माणसाची आवश्यकता उरली नाही, असा समज होतो. प्रस्तुत लेखात याच समजाची चिकित्सा करावयाची आहे.

३. ‘प्राचीन’ संचाचे अर्वाचीनत्व

लेखिकेने वापरलेल्या तिन्ही फितींच्या आरंभी धुके, डोंगर आणि बासरीचे स्वर आहेत आणि ही हजारो वर्षांची अखंड परंपरा असल्याचे निवेदन आहे. हे निवेदन अर्धेच खरे आहे. ‘चीगोंग’ ही संज्ञा आजच्या अर्थाने रूढ झाली ती १९५० च्या दशकात, ल्यू गुइजेन यांच्यासारख्यांनी शासकीय आरोग्यकेंद्रांतून या पद्धतींचा प्रसार केल्यावर. १९८० आणि १९९० च्या दशकांत चीनमध्ये चीगोंगची प्रचंड लाट आली. असंख्य गुरू आणि संप्रदाय पुढे आले. १९९९ मध्ये फालुन गोंगवर बंदी घालण्यात आली. त्यानंतर क्रीडा प्रशासनाच्या देखरेखीखाली ‘आरोग्य चीगोंग’चे प्रमाणित संच तयार करून २००३ च्या सुमारास प्रसृत करण्यात आले. बादुआनचिन हा त्यांपैकी एक होय.

हे प्रमाणीकरण निरर्थक होते असे म्हणता येणार नाही. संप्रदायांच्या गूढ दाव्यांपेक्षा स्पष्ट आणि सर्वांना उपलब्ध असा संच केव्हाही बरा. परंतु बादुआनचिनचे बैठे आणि उभे असे निरनिराळे पाठ पूर्वापार होते. त्यांतील एका पाठाला ‘शुद्ध’ ठरविण्यामागे प्रशासकीय निर्णयही असतो, ही गोष्ट धुक्याच्या पार्श्वभूमीवर दिसेनाशी होते. साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रकार अपरिचित नाही. एखाद्या ग्रंथाची संपादित प्रत हाती आली की तीच मूळ प्रत होय असे आपणही मानू लागतो.

अनुवादाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. तिसरी हालचाल प्लीहा व जठर यांच्यासाठी असल्याचे उपशीर्षक सांगते. चिनी वैद्यकातील ‘प्लीहा’ हे पचनाशी संबंधित अशा कार्यसमूहाचे नाव आहे, शरीरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील अवयवाचे नव्हे. पहिल्या हालचालीशी जोडलेल्या ‘त्रिदाहका’ला तर स्वतंत्र अवयवच नाही. ‘ची’ या शब्दासाठी ‘प्राण’ हा शब्द वापरण्याचा मोह आपल्याला होतो. त्या दोहोंत साम्य आहे, तथापि समानार्थी शब्द हाती लागल्याच्या समाधानात मूळ संकल्पना समजून घेण्याचे राहून जाते.

४. पडदा आणि देह

चीगोंगच्या अध्यापनात तीन नियमने सांगितली जातात : देहाचे, श्वासाचे आणि चित्ताचे. या तिन्ही पातळ्यांवर फितीची कसोटी घेता येते.

देहाच्या पातळीवर पहिली अडचण दिशेची येते. फितीतील शिक्षक आपल्याकडे तोंड करून ‘डावीकडे’ म्हणतो, तेव्हा त्याचा डावा हात पडद्याच्या उजव्या बाजूस असतो. काही फितींत चित्र आरशाप्रमाणे उलटवलेले असते, काहींत नसते. ही अडचण काही दिवसांत सुटते. दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. चौथ्या हालचालीत मान वळवून मागे पाहावयाचे असते, पाचवीत अर्धवट बसून डोके व कंबर डोलवावयाची असते आणि सहावीत पुढे वाकून हात पावलांपर्यंत न्यावयाचे असतात. या तिन्ही वेळी पडदा दृष्टिआड होतो. पडद्याकडे पाहत राहिल्यास हालचाल चुकते, हालचाल नीट केल्यास पडदा दिसत नाही. फितीचा खरा उपयोग ती पाठ करून बंद केल्यावरच होतो, ही गोष्ट तिन्हींपैकी एकाही फितीने सांगितली नाही.

श्वासाच्या पातळीवर दोष अधिक सूक्ष्म आहे. सामान्यतः हात वर जाताना श्वास आत आणि खाली येताना बाहेर असा क्रम असतो, आणि नवशिक्याने श्वास स्वाभाविक ठेवावा असे सांगितले जाते. परंतु फितीची गती ठरलेली असते. शिक्षकाचा दीर्घ अभ्यासाने लांबलेला श्वास आणि दिवसभर तासिका घेऊन घरी आलेल्या प्राध्यापिकेचा श्वास एका लांबीचे कसे असतील? संगीताच्या लयीबरोबर राहण्यासाठी श्वास ताणला जातो. ज्या अभ्यासाने श्वास मोकळा व्हावा, त्यातच तो दुसऱ्याच्या तालावर चालू लागतो. अशा स्थितीत चित्ताच्या नियमनाविषयी वेगळे लिहिण्याची आवश्यकता नाही, कारण चित्त मागे पडण्याच्या भीतीत गुंतलेले असते.

५. एकलव्य आणि बाण

येथे एकलव्याचे उदाहरण कोणालाही आठवेल. त्याने गुरूच्या मातीच्या प्रतिमेसमोर धनुर्विद्या आत्मसात केली. मग चित्रफितीसमोर चीगोंग का शिकता येऊ नये? हा आक्षेप गंभीरपणे घेण्याजोगा आहे. परंतु एकलव्याजवळ प्रतिमेखेरीज आणखी एक शिक्षक होता, तो म्हणजे बाण. नेम चुकला की बाण ते तत्क्षणी सांगत असे. बादुआनचिनच्या दुसऱ्या हालचालीतही धनुष्य ताणावयाचे असते, पण त्या धनुष्याला बाण नाही. काहीही सुटत नाही, काहीही लागत नाही आणि म्हणून काहीही चुकत नाही. चूक साचत जाते ती सांध्यांत.

लेखिकेच्या बाबतीत असेच घडले. चौथ्या महिन्यात उजवा गुडघा दुखू लागला. भौतिकोपचारतज्ज्ञाने ती हालचाल करून दाखविण्यास सांगितले आणि मिनिटभरात दाखवून दिले, की अर्धवट बसताना गुडघा पावलाच्या रेषेत न राहता आत झुकतो आहे. ती फीत लेखिकेने शंभराहून अधिक वेळा पाहिली होती, परंतु फितीने लेखिकेला एकदाही पाहिले नव्हते.

याचा अर्थ अनुकरण निरुपयोगी आहे असा नव्हे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९३४ च्या देहतंत्रांविषयीच्या व्याख्यानात असे निरीक्षण नोंदविले होते, की अमेरिकन स्त्रियांची चालण्याची ढब चित्रपटांमार्फत पॅरिसमध्ये पोहोचू लागली होती. पडद्यावरून देह शिकतो, यात शंका नाही. चीनमधील बागांतही पहाटे नवखा माणूस मागच्या रांगेत उभा राहून पुढच्यांचे पाहत शिकतो. पण त्या रांगेत पाहणे दुहेरी असते. शेजारची वृद्ध स्त्री त्याचा चढलेला खांदा पाहते आणि हाताने खाली करते. म्हणून खरा विरोध गुरू आणि यंत्र यांच्यात नाही. तो दुरुस्ती होणारे अनुकरण आणि दुरुस्तीविना चालणारे अनुकरण यांच्यात आहे.

माध्यमाला आपली मर्यादा ओळखता येते, याचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. पुण्यात कार्य केलेल्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या १९६६ च्या ‘लाइट ऑन योगा’ या ग्रंथात सुमारे ६०० छायाचित्रे आहेत. त्यांसोबत क्रमवार सूचना, सावधगिरीच्या टिपा आणि ३०० आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे. छायाचित्र स्थिर असूनही लेखकाने समोर नसलेल्या विद्यार्थ्याचा विचार केला आहे. लेखिकेने पाहिलेल्या फितींत निर्दोष हालचाल भरपूर होती. चुकीची हालचाल एकदाही दाखविलेली नव्हती. अध्यापनाच्या दृष्टीने ही सर्वांत मोठी उणीव होय.

६. निष्कर्ष

१) ध्वनिचित्रफीत हालचालींचा क्रम आणि आकार उत्तम रीतीने पोहोचवते. खेडोपाडी, जेथे शिक्षक मिळणे अशक्य, तेथे हे साहाय्य थोडे नाही.
२) ती विद्यार्थ्याला पाहू शकत नसल्याने चूक ओळखण्याची जबाबदारी तिने विद्यार्थ्याला शिकविली पाहिजे. आरसा, संभाव्य चुकांचे प्रात्यक्षिक आणि संगीतविरहित पाठ हे उपाय सहज शक्य आहेत.
३) प्रमाणित संचाचा अर्वाचीन इतिहास प्रामाणिकपणे सांगितल्याने त्याचे मोल कमी होत नाही.

अखेरीस एक गोष्ट आपल्या व्यवसायाविषयी. टाळेबंदीत आपण सर्वांनी व्याख्याने ध्वनिमुद्रित केली. त्या फितींत आपण निर्दोष बोललो. विद्यार्थ्यांनी ती किती वेळा पाहिली याची नोंद आपल्याजवळ होती, परंतु त्यांचा गुडघा कोठे आत झुकत होता हे आपण पाहिले नव्हते. लेखिकेच्या एका विद्यार्थिनीने सर्व व्याख्याने ऐकून लिहिलेल्या उत्तरपत्रिकेत प्रत्येक संज्ञा होती आणि एकीचाही अर्थ नव्हता. तेव्हा दोष तिचा वाटला होता. आता तसे म्हणवत नाही.

बादुआनचिन लेखिका आजही करते. फीत बंद असते, समोर आरसा असतो आणि महिन्यातून एकदा कोणीतरी जाणकार पाहून जाते.