धुरी दिलेला मासा आणि अर्धवट तक्ते

खाद्यपदार्थांविषयी लिहिताना एक सोपी वाट नेहमी धरली जाते. पदार्थ घ्यायचा आणि तो 'चांगला' की 'वाईट' ते सांगून मोकळे व्हायचे. धुरी दिलेल्या माशांविषयीचे लेखन वाचताना ही वाट किती तोकडी आहे हे आम्हाला विशेष जाणवले. एका लेखात हा मासा प्रथिनांचे भांडार असतो, तर दुसऱ्यात कर्करोगाचे कारण. सुटी सुटी पाहिली तर दोन्हींतली बरीच विधाने खोटी नसतात. मग चुकते कुठे? एक उदाहरण घेऊन पाहू.

पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाच्या किनाऱ्यावर जुलै ते सप्टेंबर या काळात समुद्रातले खोल, थंड पाणी वर येते आणि त्याबरोबर मासळीची रेलचेल होते. यात आपल्या तारलीचे भाऊबंद असतात, मांदेलीच्या कुळातले छोटे मासेही असतात. आपल्या कोकणात बोंबील उन्हात वाळवतात. तिथे मात्र या दिवसांत आभाळ भरलेले, हवा दमट. शिवाय तेलकट मासा उन्हात लवकर खवट होतो. बर्फ पुरेसा नसेल तर काही तासांतच मासळी नासू लागते. म्हणून ती भट्टीवर, लाकडाच्या धुरात शिजवून सुकवतात. उष्णतेने जंतू मरतात, पाणी कमी झाल्याने नव्यांची वाढ रोखली जाते आणि धुरातील फिनॉल संयुगे तेल खवट होण्याचा वेग कमी करतात. समुद्रापासून दूरच्या गावांत मासा पोचतो तो यामुळेच.

आता 'प्रथिनांचे भांडार' तपासू. एक किलो ताज्या माशात साधारण ७५० ग्रॅम पाणी आणि २०० ग्रॅम प्रथिने आहेत असे धरा. भट्टीत ५०० ग्रॅम पाणी उडाले, तर उरतो अर्धा किलो मासा. त्यात प्रथिने तीच, २०० ग्रॅम. पण तक्ता 'दर १०० ग्रॅममागे' मांडला की २० चे ४० होतात! धुराने प्रथिन निर्माण केले नाही, फक्त पाणी काढून घेतले. युरोपात मिळणारा सॅमन थंड धुरात, म्हणजे सुमारे ३० अंश सेल्सियसखाली ठेवतात. तो फारसा सुकत नाही, म्हणून त्यातील प्रथिने १८ ते २० टक्क्यांच्या आसपासच राहतात. तो आधी मिठात मुरवलेला असतो आणि शिजलेला नसतो. त्यामुळे रक्तदाबाच्या रुग्णाने त्यातील मिठाचा, तर गरोदर स्त्रीने लिस्टेरिया या जीवाणूचा विचार करायला हवा. दोन अगदी वेगळे पदार्थ एकाच नावाखाली आणि तक्त्याच्या एकाच ओळीत बसवल्यावर आणखी काय होणार?

दुसरी बाजू कर्करोगाची. लाकूड अर्धवट जळताना आणि माशाचे तेल निखाऱ्यांवर ठिबकताना बहुचक्रीय ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन नावाची संयुगे तयार होतात. त्यांपैकी बेंझोपायरीन हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात टाकले आहे. याच गटात तंबाखूचा धूर आहे, आणि २०१५ पासून प्रक्रिया केलेले मांसही आहे (त्या व्याख्येत मासे येत नाहीत). पण हे गट पुराव्याची खात्री सांगतात, धोक्याची तीव्रता नव्हे. 'यामुळे कर्करोग होऊ शकतो का?' आणि 'एवढे खाल्ल्याने किती होईल?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवणे, ही घाबरवणाऱ्या लेखांची मुख्य चूक.

शिवाय हे प्रमाण माशावर नव्हे, भट्टीवर अवलंबून असते. १९७० च्या आसपास अक्रा शहरातील चोरकोर या कोळीवस्तीच्या नावाने एक सुधारित भट्टी तयार झाली. जाळीचे ट्रे एकावर एक रचल्याने तिच्यात लाकूड कमी लागते. ती खूप पसरली, तिचे कौतुकही झाले. पण आग माशाखालीच असल्याने तेल ठिबकतच राहिले. पुढे सेनेगलमधील तियारोय येथे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या मदतीने नवी भट्टी बनली. तिच्यात तेल झेलायला तबक असते, तर धूर वेगळा निर्माण करून गाळून आत सोडतात. युरोपीय संघाने २०१४ मध्ये धुरी दिलेल्या माशातील बेंझोपायरीनची मर्यादा किलोमागे ५ वरून २ मायक्रोग्रॅमवर आणली. अशा भट्टीने ती पाळता येते.

आमचा सर्वांत मोठा आक्षेप याहून वेगळा आहे. दोन्ही प्रकारचे लेख फक्त खाणाऱ्याचा विचार करतात. घानात हे काम प्रामुख्याने स्त्रिया करतात. खाणारा आठवड्यातून काही घास खाईल, पण भट्टीजवळची बाई रोज कित्येक तास तोच धूर श्वासात घेते. डोळ्यांची जळजळ, खोकला, फुप्फुसांचे आजार तिच्या वाट्याला येतात. पोषणमूल्यांच्या कोणत्याच तक्त्यात तिच्यासाठी रकाना नसतो. आपल्याकडे चुलीसमोर बसणाऱ्या बाईचेही असेच नाही का? धूर गाळणारी भट्टी फायद्याची आहे ती खाणाऱ्याच्या आधी तिच्यासाठी. पण ती महाग आहे, आणि हा खर्च कोणी करायचा हा प्रश्न आहारशास्त्राच्या पुस्तकात सुटणारा नाही.

वर्गात हा विषय घ्यायचा तर 'धुरी दिलेला मासा चांगला की वाईट' असा प्रश्न देऊ नये. ताज्या आणि सुक्या माशांचे आकडे देऊन त्यांतले पाणी वजा करायला सांगावे. मग विचारावे: मासा कोणता, धूर कसला, मीठ किती, खाल्ला किती? आणि शेवटी, धूर कोणाच्या छातीत गेला? एवढे प्रश्न विचारायला शिकलेला विद्यार्थी पुढे कोणत्याही पदार्थाचा तक्ता डोळसपणे वाचील.