पहिला सेट कुणाचा?

टेनिसवर लिहिणाऱ्यांच्या पोतडीत काही शब्द असे आहेत, की ते एकदा बाहेर काढले म्हणजे पुढे विचार करण्याची गरज उरत नाही. ‘संथ सुरुवात करणारा खेळाडू’ हा त्यांपैकी एक. एखादा नामवंत खेळाडू पहिला सेट घालवतो, पुढचे तीन घेऊन सामना जिंकतो, आणि दुसऱ्या दिवशी आपण वाचतो, की स्वारी नेहमीप्रमाणे जरा उशिरा जागी झाली. तोच सामना त्याने गमावला असता, तर तो पहिला सेट नुसता हरलेला सेट ठरला असता. विशेषण सुरुवातीला लावायचे आणि ठरवायचे मात्र शेवट पाहून! याला मी समीक्षा म्हणायला तयार नाही.

या विशेषणाचा मोठा मानकरी ब्यॉन बोर्ग. १९७६ ते १९८० अशी लागोपाठ पाच वर्षे त्याने विंबल्डन जिंकले. त्यांपैकी १९७७, १९७९ आणि १९८० या तीन अंतिम सामन्यांत पहिला सेट त्याच्या हातून गेला होता. १९८० साली तर मॅकेन्रोने तो ६-१ असा नेला. पण खरी मौज अंतिम सामन्यांत नाही, ती सुरुवातीच्या फेऱ्यांत आहे. १९७७ मध्ये दुसऱ्याच फेरीत मार्क एडमंडसनने पहिले दोन्ही सेट घेतले होते. १९७८ मध्ये पहिल्याच फेरीत व्हिक्टर अमाया या ताडमाड डावखुऱ्या अमेरिकनाने पहिला सेट ९-८ असा जिंकला (त्या काळी विंबल्डनला टायब्रेक आठ-आठवर होत असे) आणि तिसरा ६-१. पुढल्या वर्षी दुसऱ्या फेरीत समोर होता आपला विजय अमृतराज. त्याच्याकडे मी पुन्हा येणारच आहे.

बोर्गच्या या सवयीचा संबंध पुष्कळांनी त्याच्या थंड स्वभावाशी जोडला. मला त्याचे कारण पायाखाली दिसते. १९७८, १९७९ आणि १९८० या तिन्ही वर्षी तो पॅरिसची तांबडी माती जिंकून लंडनच्या हिरवळीवर उतरला, आणि मध्ये सवड होती ती जेमतेम दोन आठवड्यांची. मातीवर चेंडू उंच उसळतो, थांबतो, विचार करायला वेळ देतो. बोर्गचे फटके त्या वेळेवरच पोसलेले. रॅकेट खालून वर नेऊन चेंडूला भरघोस फिरकी द्यायची, तर चेंडू कमरेपर्यंत यायला हवा. विंबल्डनच्या पहिल्या आठवड्यात गवत ताजे, ओलसर असते, आणि चेंडू घसरत, जमिनीलगत निघून जातो. दुसऱ्या आठवड्यात मागची रेघ झिजून उघडी पडते, चेंडू थोडा वर येऊ लागतो, आणि मग बोर्ग ‘जागा होतो’! हा संथपणा निम्मा तरी गवताचा आहे.

येथे आपल्याकडच्या रसिकाला विलंबित ख्याल आठवेल, आणि सुरुवातीला स्वर शोधणारा गवई डोळ्यांपुढे उभा राहील. उपमा गोड आहे. पण मला ती फसवी वाटते. गवयाचा षड्ज लागू नये म्हणून समोर कुणी पदर खोचून उभे नसते. टेनिसमध्ये असते.

आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. १९७९ च्या त्या सामन्यात अमृतराजने पहिला सेट ६-२ असा घेतला, दुसरा घालवला, तिसरा ६-४ असा पुन्हा घेतला. चौथा टायब्रेकमध्ये गेला आणि पाचवा बोर्गने ६-२ असा नेला. अमृतराज हा काही कुणी वाट चुकून आलेला गडी नव्हता. १९७३ साली याच विंबल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत त्याने यान कोडेशला पाच सेटांपर्यंत नेले होते, पाचवा सेट ७-५ असा गेला, आणि कोडेश पुढे त्या वर्षीचा विजेता झाला. सर्व्हिस करून जाळ्याशी धावायचे आणि हलक्या हाताने चेंडू रिकाम्या जागी ठेवायचा, हा त्याचा खेळ हिरवळीसाठीच जन्मलेला. असा माणूस जेव्हा ६-२ असा सेट घेतो, तेव्हा त्या सेटचे श्रेय बोर्गच्या झोपेला कसे देता येईल? ‘संथ सुरुवात’ हे दोन शब्द लिहिले, की जाळ्यापलीकडचा माणूस चित्रातून पुसला जातो.

अर्थात संथ सुरुवात नावाची चीज मुळी अस्तित्वातच नाही, असे माझे म्हणणे नाही. टेनिसच्या गुणपद्धतीतच तिला आसरा आहे. या खेळाला घड्याळ नाही, आणि ०-६ असा गेलेला सेट व ५-७ असा गेलेला सेट यांची किंमत एकच. १९८१ च्या उपांत्य सामन्यात कॉनर्सने बोर्गला पहिल्या सेटमध्ये एकही गेम दिला नाही, दुसराही ६-४ असा घेतला. तरी सामना बोर्गचाच झाला. पाच सेटांचा सामना अशी उधारी सोसतो. तीन सेटांच्या सामन्यात पहिला हप्ता चुकला, की दुसरा चुकवण्याची सोय नाही.

अलीकडचे उदाहरण नोव्हाक जोकोविचचे. २०२१ साली पॅरिसच्या अंतिम सामन्यात त्सित्सिपासविरुद्ध तो दोन सेटांनी मागे पडला आणि जिंकला. विंबल्डनच्या अंतिम सामन्यात बेरेत्तिनीला पहिला सेट देऊन जिंकला. न्यूयॉर्कला निशिकोरी, वीस वर्षांचा जेन्सन ब्रूक्सबी (त्याने तर ६-१!), बेरेत्तिनी आणि झ्वेरेव या चौघांनी ओळीने त्याचा पहिला सेट घेतला, आणि चौघेही हरले. तोवर हे सारे धैर्याचे, खोल श्वासाचे लक्षण होते. मग १२ सप्टेंबरला मेदवेदेवने पहिला सेट ६-४ असा घेतला, आणि उरलेले दोन्हीही त्याच आकड्यांनी. १९६९ मध्ये रॉड लेव्हरने साधलेले एका वर्षातले चारही किताब पुरुषांत पुन्हा कुणी साधण्याची ती घडी हुकली. आता त्याच आदल्या चार सेटांना दमणूक हे नाव मिळाले. सेट तेच, आकडे तेच. मेदवेदेवची त्या दिवशीची सर्व्हिस मात्र या दोन्ही हिशेबांत कुठे बसवावी, हे कळत नाही.

बोर्गपुरते एक सांगायचे राहिले. १९८१ च्या विंबल्डनच्या अंतिम सामन्यात पहिला सेट त्याने ६-४ असा जिंकला आणि पुढचे तीन मॅकेन्रोला दिले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या अंतिम सामन्यातही पहिला सेट त्याचाच, तोही ६-४ असा, आणि पुढचे तीन पुन्हा मॅकेन्रोचे. ‘शीघ्र सुरुवात करणारा बोर्ग’ असे कुणी लिहिल्याचे मात्र अजून माझ्या वाचनात आलेले नाही.