पडद्यावरचा रिझवान आणि आपल्या वर्गातला मुलगा

करण जोहर यांच्या 'माय नेम इज खान' (२०१०) या चित्रपटाचा नायक रिझवान मुंबईत, बोरिवलीत वाढतो. त्याला अॅस्पर्जर आहे. २०१३ पासून अमेरिकेतील मनोविकार वर्गीकरणात ही अवस्था स्वमग्नतेतच, म्हणजे ऑटिझममध्येच, धरली जाते. शिक्षक म्हणून हा चित्रपट पाहताना आम्हांला त्यात एक मोठा गुण आणि एक मोठी उणीव दिसली.

गुण असा. दंगलीच्या दिवसांत लहानगा रिझवान रस्त्यावर ऐकलेले विखारी वाक्य अर्थ न कळता तसेच बोलत राहतो. आई रागावत नाही. कागदावर माणसांची चित्रे काढून चांगला आणि वाईट यांतला फरक दाखवते. बोललेला शब्द हवेत विरतो, चित्र मात्र समोर राहते. अनेक स्वमग्न मुलांना म्हणूनच चित्रांचा आधार मिळतो. अमेरिकेत एरिक शॉपलर यांनी १९७२ मध्ये उभारलेल्या 'टीच' या शिक्षणक्रमातही अशा दृश्य आधारांना महत्त्वाचे स्थान आहे.

उणीव पुढे येते. मोठा रिझवान एकटाच अमेरिकाभर बसने फिरतो. पैसे मोजणे, योग्य बस ओळखणे त्याला कोणी, कसे शिकवले? चित्रपट गप्प आहे. उलट तो यंत्रे दुरुस्त करतो, पूरग्रस्त गावाच्या मदतीला धावतो. मग प्रेक्षकाला वाटते, अशा प्रत्येक मुलात काहीतरी अलौकिक दडलेले असते. त्याची वाट पाहण्यात शर्टाची गुंडी लावायला शिकवण्याची वर्षे निघून जातात.

चित्रपटाने गाळलेला हा भाग आपल्याला भरायचा आहे. जिंतूरहून परभणीला एस.टी.ने जाणे घ्या. पाटी वाचणे, चढणे, बसणे, पैसे देणे, तिकीट जपणे, उतरणे, अशा पायऱ्या पाडून त्यांची चित्रे क्रमाने लावावीत. गुंडी शिकवताना आधीचे सारे आपण करावे, शेवटचा ओढा मुलाला द्यावा. मग हळूहळू मागच्या पायऱ्या त्याच्याकडे सोपवाव्यात. आणि सराव खऱ्या जागी हवा. वर्गात खोट्या नोटा अचूक मोजणारा मुलगा कंडक्टरसमोर अडू शकतो, कारण एका जागी शिकलेले दुसरीकडे वापरणे त्याला आपोआप जमेलच असे नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे, तेव्हा असा मुलगा आपल्या साध्या शाळेतही असणार. चित्रपट जरूर पाहावा. पण अनुकरण रिझवानच्या पराक्रमाचे नव्हे, त्याच्या आईच्या कागद-पेन्सिलीचे करावे.