एक मैल रस्ता आणि पंधराशे तीस घरे

रस्ते, पूल वा लोहमार्ग बांधले की कोणाची सोय होते आणि कोणाचे बिऱ्हाड उठते, याचा हिशेब मांडण्यासाठी अमेरिकेत साधनांची वाण नाही. तेथील महामार्ग-संशोधन कार्यक्रमाने २००१ व २००४ साली काढलेल्या दोन मार्गदर्शिका आम्ही चाळल्या. गोंगाट, धूर, अपघात, प्रवासाचा वेळ, वस्तीचे दुभंगणे, या सर्वांचे मोजमाप कसे करावे हे त्यांत सांगितले आहे. त्या उपयुक्त आहेत; वाचनीय असाव्यात अशी अपेक्षा कोणी करू नये. मात्र या विषयाचे मूळ साधन कोणते, असे आम्हांस विचारल्यास आम्ही रॉबर्ट कॅरो यांच्या 'द पॉवर ब्रोकर' (१९७४) या चरित्रग्रंथाकडे बोट दाखवू.

एकही निवडणूक न जिंकता १९२४ पासून १९६८ पर्यंत न्यूयॉर्कच्या उद्यानांवर, पुलांवर आणि रस्त्यांवर हुकमत गाजविणारे रॉबर्ट मोझेस हे या ग्रंथाचे नायक. खलनायक म्हटले तरी चालेल. पृष्ठे बाराशेंहून अधिक. १९७५ चे पुलित्झर पारितोषिक त्यास लाभले. एवढा ग्रंथ वाचण्याइतकी सवड ज्यांस नाही, त्यांनी त्यातील 'वन माइल' हे एक प्रकरण तरी वाचावे.

ब्रॉन्क्स विभागातून जाणाऱ्या द्रुतगती मार्गाच्या अवघ्या एका मैलाची ही कथा आहे. डिसेंबर १९५२ मध्ये ईस्ट ट्रेमाँट या मुख्यतः ज्यू, कष्टकरी वस्तीतील भाडेकरूंच्या हाती पत्रे पडली : नव्वद दिवसांत जागा सोडा. मैलभराच्या या पट्ट्यात १,५३० बिऱ्हाडे होती. वस्तीतील गृहिणींनी संघटना उभारली, अभियंते गाठले आणि रस्ता थोडा दक्षिणेस, क्रोटोना उद्यानाच्या कडेने नेल्यास ही घरे वाचतात, हे नकाशानिशी दाखवून दिले. त्या मार्गात कॅरोंच्या म्हणण्यानुसार अवघ्या सहा जुन्या इमारती येत होत्या. मोझेस बधले नाहीत. निवडणुकीत या बायकांना शब्द देणारे उमेदवारही निवडून आल्यावर फिरले. रस्ता पाडावयाच्या भिंतींवरून नव्हे, तर दिलेल्या शब्दावरून गेला, असे हे प्रकरण वाचताना वाटत राहते. ज्यांच्या वाड्याच्या भिंतीवर रुंदीकरणाची तांबडी खूण एकदा तरी उमटली आहे, त्या आमच्या वाचकांना यातील सभा, अर्ज, हेलपाटे परके वाटणार नाहीत.

कॅरोंची खरी थोरवी त्यापुढची आहे. ते विस्थापितांचा शोध घेत त्यांच्या नव्या घरांपर्यंत गेले. 'वर्किंग' (२०१९) या पुस्तकात ते सांगतात की, तेथे त्यांच्या वहीत एकच शब्द पुन्हा पुन्हा उतरत गेला : एकाकी. वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शिकांत वस्तीच्या सलगतेचे निकष आहेत. परंतु जिन्यावरची शेजारीण, कोपऱ्यावरचा दुकानदार आणि बाकावरचा वृद्ध यांची ताटातूट झाली म्हणजे नेमके काय झाले, हे कळावयास हा शब्दच लागतो.

आमचा आक्षेप दुसरीकडे आहे. चरित्र लिहिताना व्यक्ती मोठी होते आणि व्यवस्था तिच्या सावलीत झाकते. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचा नव्वद टक्के खर्च केंद्राने उचलला, आणि मग सेंट पॉलमधील रोंडो, मायामीतील ओव्हरटाउन, न्यू ऑर्लीन्समधील क्लेबोर्न रस्ता या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवरून रस्ते गेले. तेथे कोणी मोझेस नव्हते. सारा दोष एका माणसाच्या माथी मारला की तो माणूस गेल्यावर प्रश्न सुटला असे वाटू लागते. मोझेस १९८१ साली वारले, आणि रस्ते तसेच आहेत. २००७ साली हिलरी बॅलन व केनेथ जॅक्सन यांनी संपादिलेल्या ग्रंथाने मोझेस यांचे फेरमूल्यमापन केले, ते या दृष्टीने आवश्यकच होते.

दुसरी गोष्ट पुलांची. लाँग आयलंडच्या उद्यानमार्गांवरील पूल मोझेस यांनी मुद्दाम ठेंगणे ठेवले, म्हणजे बसमधून येणारे गरीब व कृष्णवर्णीय समुद्रकिनारी पोहोचू नयेत, असे कॅरो लिहितात. ही कथा पुढे असंख्य लेखांत जशीच्या तशी फिरली. बर्नवार्ड योर्गेस यांनी १९९९ साली तिची तपासणी केली. अशा मार्गांवर व्यापारी वाहनांना मुळातच बंदी होती, मग पुलाच्या उंचीने अधिक काय अडविले? मोझेस यांच्या वर्णद्वेषाचे इतर पुरावे ग्रंथात आहेत. म्हणूनच या एका कथेवर भिस्त ठेवू नये, असे आमचे मत आहे.

कायद्याच्या साधनांचे आयुष्य मात्र पुस्तकाहून अल्प ठरले. अल्पसंख्य व निर्धन वस्त्यांवरील परिणाम तपासण्याचा अध्यक्षीय आदेश १९९४ साली निघाला आणि जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला. मार्गदर्शिकांचा मोठा आधार त्याबरोबर गेला. ईस्ट ट्रेमाँटचे प्रकरण छापील पानावर आहे तसेच आहे. खंत एवढीच की, मूळ हस्तलिखितातून सुमारे साडेतीन लक्ष शब्द गाळावे लागले, आणि मोझेस यांचा एक रस्ता लोकांच्या बळावर रोखणाऱ्या जेन जेकब्स यांच्यावरील प्रकरणही त्यांतच गेले.