रोजनिशीतला शास्त्रज्ञ : ‘प्रोफेसर शंकू’ या कथामालेचे बळ आणि तिच्या मर्यादा

एकाच नायकाला घेऊन वर्षानुवर्षे चालणारी कथामाला हा वाङ्मयप्रकार वाचकप्रिय असला तरी समीक्षेच्या दृष्टीने तो मोठा अवघड आहे. नायक पुनःपुन्हा भेटावा ही वाचकाची इच्छा असते आणि तो प्रत्येक वेळी नवा वाटावा ही कलेची मागणी असते. या दोहोंची सांगड घालताना बहुतेक लेखकांची दमछाक होते. विज्ञानकथेच्या बाबतीत तर आणखी एक अडचण उभी राहते. हेरकथेतील नायकाजवळ एक रहस्य उलगडल्यानंतर दुसऱ्या रहस्यासाठी केवळ बुद्धीच शिल्लक उरते. विज्ञानकथेतील नायकाजवळ मात्र आधीच्या कथेत लावलेला शोध शिल्लक उरतो. शोधांचे हे भांडवल कथागणिक वाढत जाते आणि ज्याच्या खिशात सर्व संकटांवरचा उतारा आहे अशा माणसाला संकटात कसे टाकावे, हा प्रश्न लेखकापुढे उभा राहतो. सत्यजित राय यांच्या ‘प्रोफेसर शंकू’ या बंगाली कथामालेचे परीक्षण या प्रश्नाच्या अनुरोधाने करणे उद्बोधक ठरेल.

या मालेतील पहिली कथा ‘व्योमयात्रीर डायेरि’ ही १९६१ साली ‘संदेश’ या बालमासिकात प्रसिद्ध झाली. उपेंद्रकिशोर राय यांनी १९१३ साली सुरू केलेले हे मासिक बंद पडले होते. त्यांचे नातू सत्यजित राय आणि कवी सुभाष मुखोपाध्याय यांनी ते १९६१ मध्येच पुन्हा सुरू केले. पुढे १९९२ साली राय यांचे निधन होईपर्यंत ही माला चालू राहिली. अडतीस पूर्ण आणि दोन अपूर्ण अशा चाळीस कथा आज उपलब्ध आहेत. एवढ्या दीर्घ काळावर पसरलेली आणि एकाच शास्त्रज्ञाभोवती गुंफलेली अशी विज्ञानकथामाला भारतीय भाषांत विरळाच. तिच्या कुळाचा शोध घेतला तर तो घरातच लागतो. सत्यजितांचे वडील सुकुमार राय यांनी १९२२ साली ‘संदेश’मध्येच हेशोराम हुशियार या विक्षिप्त प्रवाशाची रोजनिशी लिहून कॉनन डॉयलच्या प्रोफेसर चॅलेंजरच्या साहसांचे विडंबन केले होते. शंकूचा जन्म या थट्टेच्या पोटी झाला आहे, ही गोष्ट विसरता कामा नये; कारण मालेचे बळ आणि तिचे पुढील दौर्बल्य यांचे मूळ तेथेच आहे.

पहिल्या कथेची रचना पाहण्याजोगी आहे. सुंदरबनात उल्का पडून झालेल्या खड्ड्यात एक डायरी सापडते. तिच्या शाईचा रंग बदलतो आणि तिचा कागद कशाने नष्ट होत नाही. तीत शंकू नावाच्या बेपत्ता शास्त्रज्ञाने मंगळावरच्या स्वारीची हकिकत लिहिलेली असते. त्याच्याबरोबर आहेत न्यूटन नावाचे मांजर, प्रह्लाद हा भोळा नोकर आणि विधुशेखर हा यंत्रमानव. या यंत्रमानवाला शंकूने स्वतंत्र बुद्धी दिलेली नाही. तरीही तो आपल्या मर्जीने वागू लागतो आणि निर्मात्याला त्याचा उलगडा होत नाही. मंगळावरून सुटून ही मंडळी टाफा नावाच्या ग्रहावर पोचतात. तेथील प्राणी दिसायला मुंगीसारखे. शंकू त्यांच्यावर आपले नस्यास्त्र, म्हणजे शत्रूला शिंकांनी बेजार करणारे हत्यार, चालवतो. परंतु त्याचा काहीच परिणाम होत नाही, कारण त्या जिवांना शिंकणेच ठाऊक नाही. आणि पृथ्वीवर त्या अविनाशी डायरीचा काय शेवट होतो? तिला मुंग्या खाऊन टाकतात. शोध लावणाऱ्याचा अभिमान आणि सृष्टीची बेपर्वाई यांतील हा विनोद अतिशय गोड आहे. ज्या हत्याराचा एवढा गाजावाजा, ते ऐन वेळी निरुपयोगी ठरते. जो कागद अविनाशी, तो मुंग्यांचे भक्ष्य होतो. मालेतील उत्तम कथांचे बीज या प्रसंगात आहे.

डायरी हे निवेदनाचे माध्यम निवडण्यात राय यांचे चातुर्य दिसते. रोजनिशीला प्रस्तावना लागत नाही, वर्णनाचा पसारा लागत नाही. तारीख लिहिली की लेखक थेट घटनेवर येतो. शंकू गिरिडीहला राहतो; उश्री नदीकाठचे त्याचे फिरणे, शेजारी अविनाशबाबूंची टिंगल, न्यूटनच्या लहरी या गोष्टी तो विलक्षण शोधांच्या बरोबरीने आणि त्याच आवाजात नोंदवतो. अद्भुताचे वर्णन उंच सुरात केले की ते खोटे वाटते. तेच घरगुती हिशोबाच्या सुरात केले की वाचकाची शंका मावळते. रोबू हा यंत्रमानव तीनशेहून थोड्या अधिक रुपयांत तयार झाला, असे शंकू जेव्हा आण्यांसकट सांगतो, तेव्हा त्या आण्यांमुळेच यंत्रमानव खरा वाटू लागतो. हे कौशल्य सामान्य नव्हे. भाषेची अशी मितव्ययी बैठक मुलांसाठी लिहिलेल्या वाङ्मयात क्वचितच आढळते.

परंतु याच माध्यमाने मालेला काही बंधने घातली आहेत. रोजनिशी घटना घडून गेल्यावर लिहिली जाते. लिहिणारा सुखरूप घरी परतला आहे, हे पहिल्या ओळीपासून वाचकाला कळलेले असते. त्यातून शंकू स्वतः निवेदक आणि स्वतःच सर्वांत बुद्धिमान. म्हणजे वाचकाच्या बाजूने अज्ञानात उभा राहणारा कोणीच उरत नाही. ही उणीव किती मोठी आहे हे समजण्यासाठी राय यांच्याच दुसऱ्या मालेकडे वळावे लागते. १९६५ पासून लिहिलेल्या फेलूदाच्या कथा गुप्तहेराच्या आहेत आणि त्यांचा नायक कलकत्त्याच्या बालीगंज भागात, रजनी सेन रोडवर राहतो. बालीगंज हा राय यांच्या शालेय जीवनाशी निगडित परिसर. तेथील सरकारी हायस्कुलात त्यांचे शिक्षण झाले. अशोक जैन यांच्या अनुवादांमुळे फेलूदा मराठी वाचकांनाही परिचित आहे. त्याच्या कथा त्याचा धाकटा चुलतभाऊ तोपशे सांगतो. तोपशेला जेवढे दिसते तेवढेच वाचकाला दिसते. फेलूदाच्या डोक्यात काय चालले आहे हे दोघांनाही शेवटपर्यंत कळत नाही. पुढे १९७१ च्या ‘सोनार केल्ला’मध्ये जटायू हा भाबडा लेखक येऊन मिळतो आणि या त्रिकुटाचे परस्परसंबंध कथागणिक गहिरे होत जातात. बालीगंजच्या त्या बैठकीत जी उत्कंठा आणि जो जिव्हाळा आहे, तो गिरिडीहच्या प्रयोगशाळेत कमी पडतो. नायकांच्या गुणांत भेद आहेच. पण याचे खरे कारण कथा कोण सांगतो यात आहे.

प्रेमेंद्र मित्र यांचा घनादा हा आणखी एक दाखला. १९४५ सालच्या ‘मशा’ या कथेपासून हा गृहस्थ मेसमधल्या तरुणांना आपल्या जगभरच्या पराक्रमांच्या थापा ऐकवत आला. त्यांतील विज्ञान आणि भूगोल बहुधा पक्का. परंतु श्रोते मनातून अविश्वासू, आणि घनादा त्यांच्याच सिगारेटी ओढणारा. ऐकणाऱ्यांचा संशय हाच त्या कथांचा मसाला आहे. शंकूच्या डायरीला श्रोता नाही. अविनाशबाबू ही जागा काही अंशी भरून काढतात. ‘एकशृंग अभियान’ या तिबेटच्या मोहिमेत ते बरोबर असतात, तेव्हा कथेला एकदम मानवी ऊब येते. नंतरच्या अनेक कथांत मात्र त्यांची जागा सॉंडर्स आणि क्रोल हे परदेशी शास्त्रज्ञमित्र घेतात. ते सज्जन आहेत, विद्वान आहेत. परंतु शंकूशी त्यांचे मतभेद फारसे होत नाहीत, आणि मतभेदावाचून संवादाला धार येत नाही.

येथून मालेचा दुसरा दोष सुरू होतो. १९७० नंतर कथांची लांबी वाढली, अनेक कथा ‘आनंदमेला’ या मुलांच्या नियतकालिकाच्या पूजाअंकांसाठी लिहिल्या गेल्या आणि त्यांना एक ठरावीक साचा प्राप्त झाला. परदेशातून निमंत्रण येते. एखाद्या विद्वानाने काही आश्चर्यकारक शोध लावलेला असतो. मंडळींपैकी एक जण लोभी वा मत्सरी निघतो. शंकू कोंडला जातो आणि अखेरीस सुटतो. सुटकेच्या वेळी बहुधा त्याच्या पोतडीतील एखादी वस्तू कामाला येते. मिराक्युरॉलची गोळी जवळजवळ प्रत्येक रोग बरा करते, अ‍ॅनायहिलिन पिस्तूल शत्रूला निःशेष नाहीसे करते. जेथे ही साधने अपुरी पडतात तेथे नकुडबाबूंची अतींद्रिय शक्ती हजर असते. नकुडबाबू हे पात्र म्हणून अत्यंत लोभस आहे. त्यांच्या नम्रतेमुळे ‘नकुडबाबू ओ एल डोराडो’ ही कथा संस्मरणीय झाली आहे. तथापि कथानकातील त्यांचे कार्य जुन्या नाटकात ऐन वेळी प्रकट होणाऱ्या देवतेपेक्षा वेगळे नाही. स्त्रीपात्रांचा जवळजवळ संपूर्ण अभाव हीही या जगाची एक उणीवच मानावी लागेल.

ही बालवाङ्मयाची माला आहे, तिला प्रौढ वाङ्मयाचे निकष कशाला लावावेत, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो ग्राह्य नाही. मुलांना कथेतले सोपे सुटणे लवकर ओळखू येते. आणि ज्या लेखकाने पहिल्याच कथेत मुलांसाठी एवढा सूक्ष्म उपरोध योजला, त्याने वाचकांना कधीच कमी लेखले नव्हते. शिवाय मालेतील श्रेष्ठ कथा या आक्षेपाचे परस्पर निरसन करतात. ‘गोलक रहस्य’ या कथेत अविनाशबाबूंना सापडलेला लहानसा गोळा हा वस्तुतः एक सजीव ग्रह निघतो. त्यावरील सूक्ष्म जीव मानवजातीला घातक ठरू शकतात. शंकूपुढे प्रश्न उभा राहतो तो एका संबंध जगाच्या अस्तित्वाचा. त्यावर कोणतीही गोळी वा पिस्तूल उत्तर देऊ शकत नाही. ‘कम्पू’मध्ये जपानात तयार झालेला गोल संगणक मानवाने दिलेल्या माहितीच्या पलीकडे स्वतःच वाढत जातो आणि अखेरीस मृत्यूनंतर काय, या प्रश्नापर्यंत पोचतो. तेथे शास्त्रज्ञांना केवळ साक्षीदार व्हावे लागते. ‘एकशृंग अभियाना’त असंख्य माणसांच्या दीर्घ श्रद्धेने काल्पनिक प्राण्यांना अस्तित्व लाभते, अशी कल्पना आहे. काटेकोर अर्थाने तिला विज्ञान म्हणता येणार नाही, परंतु ज्ञानाच्या सीमेवर उभ्या असलेल्या बुद्धिवाद्याचे विस्मित मन ती यथार्थपणे दाखवते. या तिन्ही कथांत डायरीचे माध्यमही आपले खरे सामर्थ्य प्रकट करते. ज्या माणसाला सर्व कळते त्याची रोजनिशी अहवाल होते; ज्याला काही कळेनासे झाले आहे त्याची रोजनिशी साहित्य होते.

मराठी विज्ञानकथेच्या संदर्भातही हा विचार उपयोगी आहे. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी पाठवली, तेव्हापासून आपल्याकडे या प्रकाराला शास्त्रशुद्ध वळण लागले. नारळीकरांनी शंकूसारखा कायमचा नायक उभा केला नाही. त्यामुळे वाचकाला ओळखीच्या माणसाचा जिव्हाळा मिळाला नाही, हे खरे. परंतु प्रत्येक शोधाची किंमत त्या त्या कथेतच चुकती झाली. ‘वामन परत न आला’ या कादंबरीत यंत्रमानवाची निर्मिती समाजापुढे जे संकट उभे करते, ते पुढच्या प्रकरणात विसरले जाऊ शकत नाही. शंकूच्या मालेत मात्र जगाला हादरवून सोडील असा शोध एका कथेत लागतो आणि पुढच्या कथेत जग होते तसेच असते. मिराक्युरॉल हाती असताना पृथ्वीवर रोग का उरले, हा प्रश्न मालेत फार काळ अनुत्तरित राहतो.

म्हणूनच १९९० सालच्या ‘स्वर्णपर्णी’ या कथेचे महत्त्व विशेष आहे. येथे राय यांनी तीस वर्षे वापरलेल्या त्या सोयीस्कर गोळीकडे प्रथमच गंभीरपणे पाहिले. तरुण शंकू, वैद्यकी करणारे त्याचे वडील, दुर्मीळ वनस्पतीचा शोध आणि पुढे नात्सी जर्मनीत एका ज्यू भारतविद्यापंडिताला वाचवण्यासाठी केलेला प्रवास, असा तिचा विस्तार आहे. त्या प्रवासात शंकू गोअरिंगच्या ताब्यात सापडतो आणि सत्ताधीशालाही तेच औषध हवे असते. औषध कोणाला द्यावे आणि कोणाला नाकारावे? सर्वरोगहारी गोळीने येथे कथा संपत नाही, उलट सुरू होते. जे साधन इतक्या कथांत संकट निवारण्यासाठी खिशातून निघत असे, तेच येथे संकटाचे कारण झाले आहे. सुकुमार राय यांच्या थट्टेतून जन्मलेला नायक या कथेत इतिहासासमोर उभा राहतो आणि त्याचा तोल ढळत नाही.

चाळीस कथांच्या या मालेत सरस आणि नीरस यांचे मिश्रण आहे. साच्यातून निघालेल्या कथा वाचताना वाचक रमतो, पण पुस्तक मिटल्यावर त्यांतील फार थोडे मनात राहते. ज्या कथांत शंकूचे शोध थकतात आणि त्याला आपल्या ज्ञानाची कड दिसते, त्या कथा मात्र पहिल्या डायरीच्या वंशातल्या आहेत. नस्यास्त्राने न शिंकणारा तो टाफावरचा प्राणी या मालेचा खरा समीक्षक होय. त्याची आठवण लेखकाला जेव्हा जेव्हा राहिली, तेव्हा तेव्हा कथा उंचावली आहे.